विषाला बंदिवास : गोदाकाठचा चुना, राख आणि गाळ



गोदावरीला पूर किती आला हे सांगताना नाशिककर फूट आणि मीटर यांच्या भरीस पडत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेले, असे तो सांगतो. आणि ऐकणाऱ्याला सारे समजते. आज पुराविषयी बोलावयाचे नाही. १७४७ साली उभे राहिलेले ते देऊळ इतक्या पुरांतून तगले, ते ज्या चुन्याच्या काळात उभे राहिले त्या चुन्यापासून मला आरंभ करावयाचा आहे. आणि तेथून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील विषारी गाळापर्यंत आपल्याला जावयाचे आहे. दोन्ही टोके एकमेकांपासून फार दूर वाटतील. पण वाट एकच आहे, आणि ती चुन्याची आहे.

पेशवाईतला चुना कसा तयार होई हे पाहिलेली माणसे आता उरली नाहीत, तरी चुन्याच्या घाणीची दगडी वर्तुळे आणि त्यांतली जाडजूड चाके जुन्या वाड्यांच्या व गढ्यांच्या आवारात अजून पडलेली दिसतात. बैल फिरत, चाक फिरे, आणि चुना, वाळू व सुरकी यांचे मिश्रण तासन्‌तास मळले जाई. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा वा बेलफळाचा काढा घालीत. गूळ-हिरड्याच्या या पाककृतीवर आपल्याकडे भाबडेपणाने पुष्कळ लिहिले जाते. खरी करामत मात्र सुरकीची आहे. सुरकी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो, आणि पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याला भेटली, की दोहोंचा संयोग होऊन पाण्यातही घट्ट होणारा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. घाट, हौद, नहर, विहिरी बांधणाऱ्यांना हे रसायन नावानिशी ठाऊक नव्हते. गुण मात्र पक्का ठाऊक होता. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले, आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील व्हिट्रुव्हियसने ते आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. चुनखडी आणि माती एकत्रच भाजून वेगळी सुरकी मिसळण्याची गरज या सिमेंटाने दूर केली. कुळ मात्र तेच राहिले.

आता धातूंकडे वळू. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. तांबट आळीत हातोड्यांचा ठणठणाट पिढ्यान्‌पिढ्या चालला. एवढे तांबे, पितळ, जस्त, कथील या गावात वर्षानुवर्षे वितळले, ठोकले गेले. पण धातूच्या कचऱ्याचा प्रश्न आजच्या अर्थाने त्या काळी उभा राहिला नाही. कारण साधे आहे. धातू महाग होता. फुटके भांडे ‘मोड’ म्हणून दुकानी परत जाई, तोलले जाई, पुन्हा वितळे. सराफबाजारात तर झारेकरी असत. सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन ते त्यातून सोन्याचा कण काढीत आणि त्यावर पोट भरीत. गाळातून धातू काढावयाचा असतो, गाळात घालावयाचा नसतो, हे अर्थशास्त्र त्यांना कोणी शिकविले नव्हते.

ही घडी मोडली ती मुलाम्याच्या नव्या धंद्याने. १९६१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतरच्या काळात सातपूर आणि पुढे अंबड येथे वसाहती वसल्या, आणि मोटारींचे सुटे भाग, विजेची साधने, यंत्रे यांचे कारखाने उभे राहिले. लोखंड गंजू नये, झिजू नये, चमकावे, म्हणून त्यावर क्रोमियम, निकेल, जस्त यांचा पातळ थर चढवितात. कामगार त्याला सरळ ‘प्लेटिंग’ म्हणतात. विजेच्या साहाय्याने हे काम टाकीत होते. टाकीतून बाहेर काढलेल्या प्रत्येक भागाबरोबर द्रावणाचे थेंब निथळतात, तो भाग धुतला की धातू धुण्याच्या पाण्यात उतरतो. एका नटबोल्टाबरोबर किती जाणार? थेंबभर. पण दिवसाला हजारो नटबोल्ट धुतले जातात. आणि या पाण्यातून तो थेंब परत काढण्यापेक्षा बाजारातून नवे रसायन आणणे स्वस्त पडू लागले, तेव्हा झारेकऱ्याचा हिशेब उलटा झाला.

क्रोमियमची दोन रूपे आहेत. मुलाम्याच्या टाकीतले क्रोमियम षट्‌संयुजी असते. ते पिवळे-नारिंगी, पाण्यात सहज विरघळणारे, कातडीला जखमा करणारे आणि श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होणारे आहे. त्रिसंयुजी क्रोमियम हिरवट, आळशी आणि त्या मानाने निरुपद्रवी. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी आम्लयुक्त पाण्यात हिराकस घालता येतो; होय, आपल्या आजोबांच्या शाईत पडे तोच हिराकस. मग चुना घालून पाण्याचा सामू आठ-नऊपर्यंत चढविला की क्रोमियम गाळाच्या रूपाने खाली बसते. हे केले नाही, किंवा रात्रीच्या अंधारात टाकीची चावी नाल्याकडे उघडली, तर ते पाणी नासर्डीत जाते. नासर्डी, जिला आता पुन्हा नंदिनी म्हणू लागले आहेत, टाकळीला गोदावरीस मिळते. समर्थ रामदासांच्या तपश्चर्येची म्हणून सांगतात ती हीच जागा. धातू पाण्यापेक्षा गाळाशी अधिक सलगी करतात. नदीचे पाणी जेथे थांबते तेथे गाळ बसतो, आणि गाळाबरोबर धातूही. गोदावरीचा नाशिकखालचा असा मोठा विसावा म्हणजे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. पक्ष्यांच्या त्या जलाशयाला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रातील पहिले.

गाळ नाल्यात न जाता कारखान्यातच अडविला गेला, असे धरून चालू. मग तो ठेवावयाचा कोठे? हा प्रश्न जगापुढे मोठ्या दुःखातून आला. जपानात मिनामाता येथे १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. जिन्झू नदीच्या खोऱ्यातील हाडे ठिसूळ करणारा रोग कॅडमियमचा आहे, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी केला, आणि १९७० साली मंडळ नेमले. ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम झाले. तोपर्यंत प्लेटिंगचा गाळ हा कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ बेवारस होता.

घातक द्रव्य सिमेंटात कालवून घट्ट करावे ही कल्पना प्रथम गंभीरपणे अमलात आली ती अणुशास्त्रज्ञांकडून. कमी किरणोत्सारी द्रवे व गाळ सिमेंटात मिसळून पिंपांत ओतण्याची रीत गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. आपल्याकडे तुर्भे व तारापूर येथेही सिमेंटाचा असा वापर झाला आहे. १९७० च्या सुमारास कारखान्यांच्या गाळासाठी ती रीत अमेरिकेत व इंग्लंडात धंदा म्हणून पुढे आली.

हे काम चालते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी आशा आणि सगळी शंका येथेच आहे. गाळ सिमेंटात घातल्याने विष नाहीसे होत नाही. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. ते जाळता येत नाही, कुजत नाही, मोडत नाही. त्याला फक्त कोंडता येते. सिमेंटाच्या कोठडीला तीन कुलपे असतात. पहिले कुलूप सामूचे: शेतकरी जमिनीचा सामू मोजतात, तोच ताज्या सिमेंटाच्या पोटातील पाण्यात साडेबाराच्याही वर असतो, आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक धातू विरघळत नाहीत. दुसरे कुलूप संयोगाचे: चुना आणि सिलिका यांच्या ज्या संयुगामुळे सुरकीचा चुना पाण्याखाली टिकतो, तेच संयुग आपल्या पृष्ठभागावर आणि रचनेत धातूचे कण धरून ठेवते. तिसरे साध्या भिंतीचे: छिद्रे इतकी बारीक होतात, की पाणी आत शिरणे आणि बाहेर येणे फार मंदावते.

कुलपे चांगली आहेत, पण प्रत्येक कैदी त्यांना सारखा जुमानत नाही. शिसे आणि जस्त हे लबाड. सामू थोडा चढला की ते खाली बसतात, फारच चढला की पुन्हा विरघळू लागतात. शिवाय ते सिमेंटाच्या कणांवर आवरण चढवून त्याचे घट्ट होणेच लांबवितात. गवंडी ज्याला ‘माल धरत नाही’ म्हणतो तसे. क्रोमियम आधी हिराकसाने शमविले नसेल, तर सिमेंटात घालूनही ते बरेचसे मोकळेच राहते. पारा आणि सोमल यांच्यासाठी तर वेगळीच तजवीज लागते. म्हणजे आधी रसायनशास्त्र, मग सिमेंट. घाईत गाळावर सिमेंटाची पोती ओतणे हे कचऱ्याला लेंगा-सदरा घालण्यापैकीच आहे.

एक विरोधाभासही सांगून ठेवतो. सिमेंट स्वतःच निर्दोष नाही. चुनखडी, माती आणि भट्टी यांतून त्यात षट्‌संयुजी क्रोमियमचा अंश येतो; गवंड्यांच्या हातांना होणाऱ्या चिवट खरजेचे ते एक कारण आहे. डेन्मार्कने १९८३ पासून सिमेंटात हिराकस मिसळण्यास सुरुवात केली, आणि युरोपात २००५ पासून दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा आली. आणि सिमेंट कोठे घालावे याचाही विवेक हवा. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या तळालाच काँक्रीट घातले गेले. नदीचे झरे बुजले अशी तक्रार झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि घातलेले काँक्रीट काढण्याची पाळी आली.

आता एका चांगल्या कामाची हकीकत. एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र १९७० च्या सुमारास सुरू झाले. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. आपल्या देशी कोळशात राख फार. शंभरात तीस ते चाळीस भाग. ठोकळ हिशेबाने २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सुमारे तीन हजार टन कोळसा खातो आणि हजार टन राख मागे ठेवतो. ही राख पाण्यात कालवून नळांनी राखेच्या तळ्यात सोडीत. कोळशात जे धातू अंशमात्राने असतात, शिसे, क्रोमियम, निकेल, सोमल, ते कोळसा जळून गेल्यावर राखेत गोळा होतात. प्रमाण थोडे, प्लेटिंगच्या गाळाशी त्याची तुलना नाही, आणि कायद्यानेही राखेला त्या गाळाच्या पंक्तीला बसविलेले नाही. पण हजारो टनांतले थोडे हे थोडे राहत नाही, आणि उन्हाळ्यात तळे सुकले की वारा ते उचलून शेतांवर टाकतो.

हीच राख म्हणजे विसाव्या शतकातली सुरकी! अतिशय तापलेल्या भट्टीतून निघालेली सिलिका आणि ॲल्युमिना. चुना भेटला की घट्ट होणारी. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिस यांनी १९३७ साली काँक्रीटमधील राखेवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि माँटाना राज्यातील हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात सिमेंटाच्या काही भागाऐवजी राख घातली गेली. १९६६ साली राखेचे भारतीय मानकही निघाले. इतके असून पुढची तीस वर्षे देशातली बहुतेक राख तळ्यांतच साचत राहिली. गवंडी, कंत्राटदार आणि सरकारी अभियंता या तिघांनाही राख म्हणजे भेसळ वाटे. १९९९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढून केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आतील वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. ती कक्षा पुढे २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली.

घाटघरचे धरण या पार्श्वभूमीवर पाहावयाचे. प्रवरेच्या उगमाकडे, अकोले तालुक्यात कोकणकड्याच्या धारेवर वरचे धरण, आणि खाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात ८० मीटरांहून उंच असे खालचे धरण. रात्रीच्या शिलकी विजेने पाणी वर चढवावयाचे, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करावयाची. २५० मेगावॅटचे हे केंद्र २००८ साली चालू झाले. धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, त्या पद्धतीची भारतातील पहिली. रस्ता करावा तसे कोरडसर काँक्रीट पसरून थरावर थर दाबीत भिंत उंच नेली. एवढ्या मोठ्या ठोकळ्यात सिमेंट घट्ट होताना उष्णता साठते आणि भिंतीला तडे जातात; म्हणून सिमेंट कमी करून त्याच्या वजनाहून अधिक राख घातली. ती राख एकलहऱ्याची. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राख कोठे तरी टाकावयाची म्हणून कोणी धरण बांधले नाही. धरणाला राखेची गरज होती. तिची निवड झाली, बारीकपणा तपासला गेला, आणि मगच ती भिंतीत गेली. नाशिकच्या तळ्यात भिजत पडली असती ती राख सह्याद्रीच्या कुशीत दगडासारखी झाली आहे, आणि तिच्यातले अंशमात्र धातू त्या दगडाच्या पोटात आहेत. भिंतीच्या आकारमानाच्या मानाने पाण्याला लागणारा पृष्ठभाग अगदी थोडा. आणि धातू झिरपतात ते पृष्ठभागातून.

या उदाहरणावरून कोणी म्हणेल, मग प्लेटिंगचा गाळही विटांत, फरशीत, रस्त्याच्या ठोकळ्यांत घालून टाकावा. गाळही गेला, फरशीही झाली. अशा सूचना पुष्कळदा येतात, आणि प्रयोगशाळेतील तुकडा बहुधा परीक्षेत उतरतो. माझे मत याविरुद्ध आहे. धरण कोणी फोडून त्याची खडी करीत नाही. फरशी मात्र वीस वर्षांनी उखडते, तिची भुकटी होते, ती भरावात जाते. एका दगडाचे हजार तुकडे झाले, की पृष्ठभाग किती पटींनी वाढला याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. हवेतला कर्बवायू तर दर पावलाला सिमेंटाचा सामू उतरवीत असतोच, आणि भुकटीत तो फार वेगाने शिरतो. जुन्या चुन्याला ज्या वायूने घट्ट केले, तोच वायू या पहिल्या कुलपाची किल्ली आहे. शिवाय राखेत धातू अंशमात्र, गाळात ते शेकड्याच्या हिशेबात. एवढा धातू असेल, तर त्याची आधी मोड करावी, म्हणजे तांबे-निकेल परत काढावे. सिमेंटात कालविलेला धातू पुन्हा हाती येत नाही.

ज्याची मोड होत नाही असा गाळ कायद्याने नेमलेल्या जागीच जावयाचा. महाराष्ट्रात त्यासाठी तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामाईक स्थाने उभी राहिली. या चारांपैकी एकही नाशिक जिल्ह्यात नाही. म्हणजे आपल्या कारखान्यांचा गाळ दुसऱ्या गावाच्या हद्दीत निजतो. अशा स्थानी गाळ तपासून, लागेल तसा चुना, सिमेंट, राख मिसळून, खाली प्लॅस्टिकचे व चिकणमातीचे अस्तर असलेल्या खड्ड्यात ठेवतात. त्याची परीक्षा अशी: नमुना साडेनऊ मिलिमीटरांहून बारीक करावयाचा, विसपट वजनाच्या सौम्य ॲसेटिक आम्लात घालावयाचा, आणि सुमारे १८ तास फिरवावयाचा. मग त्या द्रवात लिटरमागे शिसे किंवा क्रोमियम ५ मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम १ च्या आत, पारा ०.२ च्या आत पाहिजे. ही कसोटी अमेरिकेत १९९० साली लागू झाली आणि आपल्या नियमांनीही ती घेतली. वाईट कसोटी नाही. पण ती १८ तासांची आहे.

खड्डा भरून बंद झाला की त्यावर पुढे ३० वर्षे देखरेख ठेवावी, भोवतालच्या विहिरींचे पाणी तपासीत राहावे, असा दंडक आहे. अणुकचऱ्यातील सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मे उरते, साठ वर्षांत पाव. क्रोमियमला अशी अर्धी-पाव मुदत नाही. तीस वर्षांनी ते जितके होते तितकेच असते.

देखरेखीचे दुसरे साधन कागद आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे गाळाच्या प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींची पावती जाते. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी. पांढरी प्रत मंडळाला, पिवळी पाठविणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी पुन्हा मंडळाला. परराज्यात माल गेला तरच करडी लागते. निळी प्रत, माल पोचला असे घेणाऱ्याच्या सहीने लिहून, ज्या कारखान्याने गाळ पाठविला त्याच्याकडे परत यावयाची असते. ट्रक सातपूरहून निघाला आणि निळी प्रत आली नाही, तर तो गाळ वाटेत कोणत्या ओढ्याला उतरला हे विचारण्याचा अधिकार मंडळाला आहे.